कॅन्सरमधून बरी झालेली मुलं आणि एचपीव्हीची लस: ‘एक डोस पुरतो’ हे त्यांना का लागू होत नाही?

“एचपीव्हीची लस एकदाच घ्यायची, एका डोसमध्ये काम होतं.” हा मेसेज तुमच्याही कुठल्या तरी ग्रुपवर येऊन गेला असेल. मेसेज खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसला मान्यता दिली आणि त्यामागचा एक मोठा पुरावा तर भारतातल्याच मुलींच्या अभ्यासातून आला होता.

पण हा मेसेज वाचणाऱ्यांमध्ये काही आईवडील असे असतात, ज्यांच्या मुलीला चौथ्या-पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. दोन-अडीच वर्षं केमोथेरपी चालली, मुलगी बरी झाली, आता नववीत आहे. मग तिलाही एकच डोस पुरेल का?

नाही. अशा मुलामुलींसाठी तीन डोस सांगितले जातात. आणि ‘एक की तीन’ हा प्रश्न बऱ्याच घरांत निघतच नाही, कारण ‘हिला लस द्यायची आहे’ हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

भारतात दरवर्षी ५० हजारांहून अधिक मुलांना कॅन्सर होतो. चांगल्या केंद्रांत वेळेवर उपचार मिळाले, तर त्यातली बरीच मुलं बरी होतात. म्हणजे कॅन्सरमधून उठून शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी वाढते आहे. त्यांच्या पुढच्या आयुष्यातला एक टाळता येण्यासारखा धोका काय आहे आणि तो टाळण्याची माहिती त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाही, ते पाहू.

आधी थोडक्यात: एचपीव्ही म्हणजे काय?

ह्युमन पॅपिलोमा व्हायरस हा विषाणूंचा एक मोठा परिवार आहे. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काहींमुळे हातापायावर साधे चामखीळ येतात, काहींमुळे जननेंद्रियांवर. पण मोजके प्रकार कॅन्सरला कारणीभूत ठरतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेसमागे १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार असतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

भारतात २०२२ या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाल्याचा जागतिक कॅन्सर नोंदींचा अंदाज आहे.

हा विषाणू पुरुषांनाही सोडत नाही. घशाचा, गुदद्वाराचा आणि लिंगाचा कॅन्सर यांच्याशीही त्याचा संबंध आहे. ‘ही मुलींची लस’ असं म्हणून मुलांना वगळणं त्यामुळे बरोबर नाही. या लेखात पुढे ‘मुलं’ म्हटलं, की मुलगे आणि मुली दोन्ही समजा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एचपीव्हीचा संसर्ग अतिशय सामान्य आहे, पण बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. त्याला बाहेर काढते आपली रोगप्रतिकारशक्ती. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात पुढे दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे सगळा खेळ प्रतिकारशक्तीवर आहे, आणि कॅन्सरच्या उपचारांत नेमका तिलाच मार बसतो.

बरं झालेल्या मुलांना धोका जास्त का?

केमोथेरपी कॅन्सरच्या पेशी मारते, तशा रक्तातल्या चांगल्या पेशीही मारते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच हल्ला करावा लागतो, जोडीला स्टिरॉइड असतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येतो. पण पेशींची संख्या भरून आली म्हणजे त्यांची ‘आठवण’ही पूर्ण परतली, असं नाही. लहानपणी घेतलेल्या गोवर किंवा धनुर्वाताच्या लशीचं संरक्षण केमोनंतर कमी झाल्याचं अनेक मुलांमध्ये दिसतं, म्हणून काही लशी पुन्हा द्याव्या लागतात. बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांचं लसीकरण तर जवळपास पहिल्यापासून करावं लागतं.

ज्यांना ओटीपोटाच्या भागात रेडिएशन दिलं गेलं, त्यांच्यात त्या भागात पुढे दुसरा कॅन्सर होण्याची शक्यता आधीच थोडी वाढलेली असते. त्यात एचपीव्हीची भर नको.

अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्यांना पुढे एचपीव्हीशी संबंधित कॅन्सर किती झाले, हे त्यात तपासलं होतं. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त होतं आणि पुरुषांमध्ये अडीच पट.

‘अडीच पट’ वाचून पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण मूळ प्रमाणच लहान असलं, की अडीच पटही लहानच राहतं. बऱ्या झालेल्या बहुतेक मुलांना असा कॅन्सर कधीच होणार नाही. मुद्दा इतकाच, की ज्यांना लशीची गरज इतरांपेक्षा थोडी जास्त आहे, त्यांना ती इतरांपेक्षा जास्त प्रमाणात मिळायला हवी होती.

प्रत्यक्षात उलटं घडलं. अमेरिकेतच २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात उपचार संपून एक ते पाच वर्षं झालेल्या सुमारे हजार मुला-तरुणांची पाहणी होती. १३ ते १७ वयोगटात एचपीव्हीचा किमान एक डोस घेतलेली बरी झालेली मुलं होती २२ टक्के. त्याच वयाच्या इतर मुलांत हे प्रमाण होतं ४२.५ टक्के. निम्म्याच्या आसपास! आणि ही अशी मुलं होती, जी मोठ्या हॉस्पिटलात तपासणीला येत होती.

का घेतली नाही, याची कारणं शोधताना एक कारण बाकी सगळ्यांच्या पुढे निघालं: डॉक्टरांनी सांगितलंच नाही. ज्यांना डॉक्टरांनी लस सुचवली नव्हती, त्यांच्यात लस न घेतलेली असण्याची शक्यता सुमारे दहा पटींनी जास्त होती. लशीची भीती, पैसे, इन्शुरन्स ही कारणं होती, पण त्यानंतरची.

‘लस नको’ हे वाक्य फायलीतून बाहेर पडतच नाही

हे असं का होतं, ते कॅन्सर वॉर्डात राहिलेल्या कुठल्याही आईला विचारा. उपचार सुरू असताना तिला बजावलेलं असतं: गर्दीत नेऊ नका, बाहेरचं खायला देऊ नका, आणि विचारल्याशिवाय कुठलीही लस देऊ नका. पोलिओची मोहीम आली, तर घरी आलेल्या आशाताईंनाही ती “आमच्या बाळाला नको, डॉक्टरांनी सांगितलंय” म्हणून परत पाठवते. हा सल्ला त्या काळापुरता योग्यच असतो.

अडचण अशी, की ‘नको’ सांगितल्याचं सगळ्यांना आठवतं आणि ‘आता चालेल’ हे सांगायची वेळ कधी ठरलेलीच नसते. पाच वर्षांनी फॅमिली डॉक्टर म्हणतात, “हिची कॅन्सरची हिस्ट्री आहे, तुम्ही मुंबईच्या डॉक्टरांना विचारा.” मुंबईचे डॉक्टर कॅन्सर परत आला नाही ना, हे बघण्यात गुंतलेले असतात. बाहेर शंभर जण रांगेत असतात. रिपोर्ट चांगला आला की ते हसून सांगतात, “छान आहे, आता वर्षाने या.” लस त्यांना बालरोगतज्ज्ञांचं काम वाटतं, बालरोगतज्ज्ञांना त्यांचं. दोघांचंही चुकतं असं म्हणवत नाही, पण मूल मधल्या मध्ये राहतं.

इथे एक फरक नीट समजून घेतला, तर पालकांचा निम्मा गोंधळ कमी होईल. लशींचे ढोबळ दोन गट आहेत. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडावाटे द्यायचा पोलिओ या ‘जिवंत’ लशी. त्यांत अशक्त केलेला, पण जिवंत विषाणू असतो. केमो चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती इतकी कमी असते, की हा अशक्त विषाणूही त्रास देऊ शकतो. म्हणून त्या काळात मनाई.

एचपीव्हीची लस या गटातली नाही. तिच्यात विषाणूच नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एक प्रथिन यीस्टसारख्या सूक्ष्मजीवांत तयार करतात. ती प्रथिनं एकत्र येऊन विषाणूसारखा दिसणारा पोकळ गोळा बनतो. आत जनुकं काहीच नाहीत. शेतात उभं केलेलं बुजगावणं माणसासारखं दिसतं, पण ते चालू शकत नाही, तसंच हे. या लशीमुळे एचपीव्हीचा संसर्ग होऊच शकत नाही, मग प्रतिकारशक्ती कमी असो वा जास्त.

प्रतिकारशक्ती कमी असेल तर अडचण वेगळीच येते: लस पुरेशी ‘लागत’ नाही. म्हणून केमो चालू असताना ती सहसा देत नाहीत. उपचार संपल्यावर काही महिने थांबून, रक्त सावरल्यावर देतात. किती थांबायचं हे कोणता कॅन्सर होता, कोणती औषधं दिली, ट्रान्सप्लांट झालं होतं का, यावर ठरतं आणि ते तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांनीच ठरवायचं.

मग ती बरं झालेल्या मुलांना खरोखर लागते का? अमेरिकेतल्या पाच कॅन्सर केंद्रांनी मिळून ९ ते २६ वयाच्या चारशेहून अधिक बऱ्या झालेल्यांना तीन डोस दिले. २०२२ मध्ये निकाल आले. त्यांच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं निरोगी मुलांपेक्षा कमी नव्हती. त्रासही नेहमीचाच: दंड दुखणं, थोडा ताप, डोकेदुखी. म्हणजे लस चालते. पण हे तीन डोसचे निकाल आहेत, हे लक्षात ठेवा.

मग एका डोसची गोष्ट कुठून आली?

ही गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिचा एक धागा आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आहे.

२००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने भारतात नऊ ठिकाणी एक चाचणी सुरू केली. त्यात बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि पुण्यातलंही एक केंद्र होतं. तीन डोसऐवजी दोन चालतील का, एवढाच प्रश्न होता. १० ते १८ वयाच्या वीस हजार मुलींना लस द्यायचं ठरलं होतं.

त्याच सुमारास एक वेगळा प्रकल्प चालू होता. ‘पाथ’ ही संस्था आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात एचपीव्ही लस देत होती. तिथे लस घेतलेल्या सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. देशभर खळबळ उडाली आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने या लशीचे सगळेच प्रकल्प थांबवले. बार्शी-पुण्याची चाचणीही थांबली, जरी तिचा त्या प्रकल्पाशी संबंध नव्हता.

चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. सर्पदंश, पाण्यात बुडणं, कीटकनाशक पोटात जाणं, मलेरिया अशी कारणं समोर आली. पण दुसरी एक गोष्ट मात्र खरी निघाली. अनेक मुलींच्या पालकांना काही विचारलंच नव्हतं. वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते.

आजही “लशीने सात मुली दगावल्या” असा फॉरवर्ड फिरतो. त्याला ‘अफवा’ म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. पण लोकांचा विश्वास उडाला तो नुसत्या अफवेमुळे नाही. माहिती न देता लस दिली गेली, हेही त्याला कारण होतं. आरोग्य शिक्षण म्हणजे पोस्टर चिकटवणं नव्हे, हे त्या प्रकरणात पुरेसं दिसलं.

इकडे चाचणी अर्धवट थांबल्याने काही हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला. २०२१ मध्ये दहा वर्षांचे आकडे आले. एकच डोस घेतलेल्यांमध्ये १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण होतं, दोन किंवा तीन डोस घेतलेल्यांइतकंच. जगभर एका डोसचा विचार पुढे सरकला, त्यात या मुलींचा मोठा वाटा आहे.

पण या निरोगी मुली होत्या. त्यांची प्रतिकारशक्ती शाबूत होती. त्यांच्यावरून केमो झालेल्या मुलीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता देताना प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना वेगळं काढलं: त्यांना किमान दोन आणि शक्य असेल तिथे तीन. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना वय कितीही असलं, तरी तीन डोस सांगते. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांच्या पाठपुराव्यासाठीच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही तीनच सांगतात. पहिला डोस, मग एक-दोन महिन्यांनी दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा.

“रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग प्रतिकारशक्ती कमी कशी?” हा प्रश्न रास्त आहे. साध्या रक्ततपासणीत पेशी मोजल्या जातात, त्यांची आठवण किती शाबूत आहे हे त्यात कळत नाही. दोन जास्तीच्या इंजेक्शनांचा त्रास किरकोळ आहे आणि ती न दिल्याने लस कमी पडली, तर ते कळेल वीस वर्षांनी. डॉक्टर सावध बाजू घेतात ते म्हणून.

लग्न जमायचंय, म्हणून कॅन्सर झाल्याचं सांगायचं नाही

आता सगळ्यात अवघड भाग. आपल्याकडे कॅन्सर बरा झाला, तरी तो लपवला जातो. मुलीच्या बाबतीत जास्तच. शाळेत सांगत नाहीत, शेजारी सांगत नाहीत, काही घरांत धाकट्या काकूलाही माहीत नसतं. “उद्या स्थळं बघताना कुणी बोट ठेवायला नको.” अशा आईवडिलांना दोष देणं मला जमत नाही. समाज कसा वागतो, ते त्यांनी पाहिलेलं असतं.

पण याचा लशीवर थेट परिणाम होतो. शाळेत किंवा आरोग्य केंद्रात लसीकरण असतं. सिस्टर विचारतात, “काही मोठा आजार झाला होता का?” आई पटकन म्हणते, “नाही.” मुलीला एक डोस मिळतो, कार्डावर शिक्का बसतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. किंवा याच्या उलट: कुणी विचारेल या धास्तीने त्या दिवशी मुलगी शाळेतच जात नाही.

यावर एक साधा मार्ग आहे. शाळेतल्या शिबिरात, सगळ्यांसमोर हे सांगायची गरज नाही. जिथे उपचार झाले त्या हॉस्पिटलात, किंवा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका बालरोगतज्ज्ञाकडे लस घ्या. डॉक्टरांनी तुमच्या मुलीचा आजार गुप्त ठेवणं, हे त्यांचं कर्तव्य आहे. आणि शिबिरात एक डोस आधीच घेतला असेल, तरी तो वाया गेला असं समजू नका. सहसा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, उरलेले दोन पूर्ण करायचे असतात. मात्र तो डोस कॅन्सर होण्याआधी, केमो चालू असताना किंवा ट्रान्सप्लांटच्या आधी दिला असेल, तर तो मोजायचा की नाही हे डॉक्टरांना विचारा.

कानावर येणाऱ्या काही गोष्टी

“ही लस घेतली की मूल होत नाही.” ही अफवा सगळीकडे आहे, पण कॅन्सरमधून गेलेल्या घरात ती वेगळ्या ठिकाणी जाऊन लागते. काही केमो औषधं आणि ओटीपोटाचं रेडिएशन यांचा प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, हे त्या आईवडिलांना उपचारांच्या वेळीच सांगितलेलं असतं. ती काळजी मनात घर करून असते. त्यात ‘लशीने वांझपण येतं’ हे कानावर पडलं, तर ते नाही म्हणणारच. म्हणून त्यांना नुसतं “अफवा आहे हो” म्हणून भागत नाही. दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्या लागतात: उपचारांचा परिणाम होऊ शकतो, त्यासाठी वेगळी तपासणी आणि सल्ला आहे. लशीचा असा परिणाम होतो, याचा पुरावा नाही. जगभर कोट्यवधी डोस दिल्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीने हे तपासलं आहे.

“ही कॅन्सरची लस आहे, म्हणजे आमच्या मुलाचा कॅन्सर परत येणार नाही ना?” नाही, असं नाही. ही लस रक्ताचा कॅन्सर, मेंदूतली गाठ किंवा हाडाचा कॅन्सर थांबवत नाही आणि जुना आजार परत येण्याशी तिचा काहीही संबंध नाही. ती फक्त एचपीव्हीमुळे होणाऱ्या कॅन्सरपासून वाचवते. ‘कॅन्सरची लस’ या सोप्या शब्दाने इथे खोटी आशा निर्माण होते. माहिती देणाऱ्यांनी हा शब्द जपून वापरायला हवा.

“लैंगिक संबंधातून पसरणारा आजार ना? मग आमच्या मुलीला आत्ता कशाला?” लस काम करते ती विषाणू अंगात येण्याआधी. आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही. इंग्लंडमध्ये ज्या मुलींना १२-१३ व्या वर्षी लस मिळाली, त्यांच्यात पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. जास्त वयात घेतलेल्यांत फायदा कमी होता. आणि दुसरं असं, की हिपॅटायटिस बीची लस आपण बाळाला जन्मल्याबरोबर देतो. तो विषाणूही रक्तातून आणि लैंगिक संबंधातून पसरतो, त्यानेही यकृताचा कॅन्सर होतो. पण त्या लशीच्या वेळी कुणी बाळाच्या चारित्र्याचा विचार करत नाही!

हे सांगायचं कुणी?

अभ्यासांनी दाखवलेलं उत्तर सरळ आहे: ज्या डॉक्टरांनी मुलाला वाचवलं, त्यांनी. त्यांच्या एका वाक्याचं वजन दहा व्हिडिओंना येत नाही. आणि वाक्य कसं म्हणतात, यालाही महत्त्व आहे. “हवी असेल तर एचपीव्हीची लस घेऊ शकता” आणि “पुढच्या भेटीला एचपीव्हीचा पहिला डोस देऊ” यातला फरक आईवडिलांना लगेच कळतो. पहिल्यात ते घरी जाऊन विचार करतात. दुसऱ्यात ते प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारले की बोलणं सुरू होतं.

यासाठी जागा आपल्याकडे आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९१ मध्येच उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू केलं. तिथे फक्त आजार परतला का एवढंच बघत नाहीत, तर हृदय, हाडं, वाढ, शिक्षण, मन हे सगळं बघतात. इतरही मोठ्या केंद्रांत अशा ओपीडी आहेत. लशीचं बोलणं या ओपीडीत व्हायला हवं, आणि उपचार संपल्यावर जो सारांशाचा कागद मिळतो, त्यावर ‘एचपीव्ही: तीन डोस, अमुक तारखेनंतर’ अशी एक ओळ लिहिलेली असावी. मग ते मूल धाराशिवला असो वा गोंदियाला, गावातले डॉक्टर ती ओळ वाचून लस देऊ शकतील. प्रत्येक वेळी मुंबईला विचारण्याची गरज पडणार नाही.

दुसरा आवाज बऱ्या झालेल्या तरुणांचा. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा अशाच तरुणांचा गट आहे, लहानपणी कॅन्सरमधून गेलेल्यांचा. “मीही केमो घेतली होती आणि मी तीनही डोस घेतले,” असं तिशीतल्या ताईने सांगितलं, तर पंधरा वर्षांच्या मुलीला ते जवळचं वाटतं. कारण या वयातल्या मुलांची खरी तक्रार वेगळीच असते. त्यांना पुन्हा सुई नको असते. पुन्हा हॉस्पिटलचा वास नको असतो. लहानपणी शेकडो वेळा टोचून घेतलेल्या मुलाला “एवढंसं इंजेक्शन तर आहे” म्हणणं म्हणजे त्याला काहीच न कळल्यासारखं आहे. त्याला बसवून, तिन्ही डोस कशासाठी आहेत ते सांगा. चौदा-पंधरा वर्षांचं मूल आपल्या आजाराबद्दल आपल्या अंदाजापेक्षा खूप जास्त जाणून असतं.

तुमच्या घरात असं मूल असेल तर

वय ९ ते २६ च्या दरम्यान असेल, तर पुढच्या फॉलो-अपला तुम्हीच विषय काढा. डॉक्टर काढतील याची वाट बघू नका. जाताना उपचारांचा सारांश आणि लहानपणचं लसीकरणाचं कार्ड दोन्ही न्या. एचपीव्ही कधी सुरू करायची, किती डोस, आणि लहानपणीच्या कुठल्या लशी पुन्हा द्यायच्या आहेत का, हे एकाच वेळी विचारून घ्या. प्लेटलेट्स कमी असतील, किंवा अजून स्टिरॉइड अथवा प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध चालू असेल, तर ते आधी सांगा. इंजेक्शननंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवा. किशोरवयात सुईनंतर चक्कर येणं नेहमीचंच आहे, ती लशीची ॲलर्जी नव्हे.

खर्चाचं म्हणाल, तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ मध्ये बाजारात आली, तेव्हा एका डोसची किंमत सुमारे दोन हजार रुपये होती. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर काम करते आणि मुलगे-मुली दोघांनाही देता येते. नऊ प्रकारांवर चालणारी परदेशी लस तिच्या कित्येक पट महाग आहे. दोन्हींत १६ आणि १८ आहेतच. महागडी परवडत नाही म्हणून काहीच न घेणं, हा सर्वांत वाईट पर्याय. सरकारी केंद्रात मोफत डोस मिळत असेल तर तो घ्या, आणि उरलेल्या डोसची सोय कशी होईल हे हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. ज्या संस्थांनी केमोच्या काळात मदत केली होती, त्यांच्यापर्यंत याच विभागातून पोहोचता येतं.

आणि मुलींसाठी एक गोष्ट पुढच्या वयासाठी. लस घेतली तरी गर्भाशयमुखाची तपासणी सुटत नाही, कारण लशीत सगळे प्रकार नसतात. आपल्याच धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाखाहून अधिक महिलांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले होते. बऱ्या झालेल्या मुलीची ही तपासणी कितव्या वर्षी सुरू करायची आणि किती वर्षांनी करायची, हे तिला मिळालेल्या उपचारांवर ठरेल. ओटीपोटाला रेडिएशन किंवा ट्रान्सप्लांट झालं असेल, तर ती इतरांपेक्षा लवकर सुरू होऊ शकते. हेही त्याच सारांशाच्या कागदावर लिहून घ्या, कारण ती तिशीची होईल तेव्हा फाइल सांभाळणारे आईवडील नाही, तर ती स्वतः डॉक्टरांसमोर बसलेली असेल.